पकडलेला साप ठेवायचा कशात?

सोयाबीनची सोंगणी होते, सुडी लागते, आणि पंधरा दिवसांनी हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, दारात आला की ताडपत्री उचलताना खालून साप निघतो. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, आमच्या जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत ऑक्टोबर महिना असाच जातो. सुडीखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. फोन येतो, मी गाडी काढतो आणि पोचतो तेव्हा शेतकऱ्याने किराणा दुकानातून चॉकलेटची रिकामी बरणी आणून तयार ठेवलेली असते. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली असतात. "भाऊ, याच्यातच टाका. दिसते बी चांगला."

दिसतो चांगला, हेच त्या बरणीचं दुखणं आहे. ती बरणी आपल्या डोळ्यांची सोय पाहून निवडलेली असते. सापाला नेमकं उलटं हवं असतं. त्याला कोणाला दिसायचंच नसतं.

मलाही हे फार उशिरा कळलं. सर्पमित्र म्हणून काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मे महिना होता. एका वस्तीतून सहा फुटांची धामण पकडली, मोठ्या बरणीत घातली आणि बरणी गाडीच्या हँडलला अडकवून निघालो. वाटेत एका शाळेजवळच्या पारावर मुलं जमली, त्यांना साप दाखवायला थांबलो. बिनविषारी साप कसा ओळखायचा, धामण उंदीर कसे संपवते, सगळं मन लावून सांगितलं. वीसेक मिनिटं गेली असतील. बरणी पाराच्या कडेला, उन्हात होती. बोलणं संपवून पाहिलं तर धामण उलटी पडून तोंड उघडं टाकून होती. पाणी शिंपडलं, सावलीत नेली, काही उपयोग झाला नाही. शेतकऱ्याच्या काठीतून वाचलेला साप माझ्या बरणीत गेला. त्या दिवसापासून माझ्या गाडीवर बरणी नाही.

सापाच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही. बाहेर जेवढं तापमान, तेवढं त्याचं अंग तापतं. ऊन वाढलं की तो बिळात जातो, दगडाखाली सरकतो. त्याच्याकडे तेवढाच उपाय असतो. अंगाचं तापमान चाळिशीच्या आसपास गेलं की बहुतेक सापांचा जीव जातो, आणि वाशिमच्या मे महिन्यात सावलीतलाच पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. बंद प्लास्टिक उन्हात काही मिनिटांत तापतं. लोकांना हवेची काळजी असते, म्हणून ते झाकणाला भोकांवर भोकं पाडतात. पण सापाचा श्वास मंद असतो, थोड्या हवेत तो बराच वेळ काढतो. पकडलेले साप हवेवाचून मरतात त्याहून कितीतरी जास्त उष्णतेने मरतात. म्हणून काहीही निवडताना पहिला प्रश्न तापमानाचा, दुसरा अंधाराचा, आणि तिसरा साप निसटणार नाही ना, याचा.

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण "घरी पाळायला पेटी कशी करायची?" असं विचारणारी पोरं दर महिन्याला भेटतात. आपल्याकडचा कोणताही साप पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस, धामण, दिवड म्हणजे आपला धोंड्या, आणि अजगर हे आता पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. मांडूळ घरात ठेवलं की धन येतं, या भाबड्या समजुतीपायी किती घरांत पोलीस आले हे वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळतंच. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते पकडलेला साप सोडेपर्यंतच्या काही तासांसाठी. साप निघाला की आधी वनविभागाला किंवा जवळच्या प्रशिक्षित सर्पमित्राला कळवा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. ज्यांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही त्यांनी साप पकडायला जाऊ नये. त्यांनी फक्त योग्य पिशवी आणि पेटी घरात तयार ठेवली तरी पुष्कळ झालं.

आता पिशवी. सापासाठी मांजरपाटासारखं दुसरं कापड नाही. ते सुती, घट्ट विणीचं, हवा जाऊ देणारं आणि स्वस्त असतं. शिंप्याकडून दुहेरी शिवण मारून घ्या आणि पिशवी वापरताना शिवण बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवा. आत सुटलेले धागे राहिले तर सापाच्या खवल्यांत, दातांत अडकतात. नानेटी किंवा कवड्यासाठी दोन फुटांची पिशवी पुरते. धामणीसाठी चार फूट लांब आणि दीड-दोन फूट रुंद लागते. लांबी सापाच्या अंगासाठी नसते, साप वेटोळं करून तळाशी बसतो. वरचं कापड पीळ द्यायला आणि गाठ मारायला हवं असतं. साप तळाशी गेला की वरून काठी आडवी दाबायची, मग काठीच्या वरचा भाग पिळायचा, दुमडायचा आणि बांधायचा. उचलताना हात नेहमी गाठीच्या वर. खालून आधार द्यायची सवय आपल्या हाताला असते, आणि ही सवयच घात करते. नाडीची पिशवी करू नका. नाडी सैल होते, आणि सापाला बोटभर फट पुरे.

रंग गडद असला तर फार उत्तम. मी साधं मांजरपाट घेऊन काळ्या रंगात बुडवून घेतो. सापाच्या डोळ्याला पापणी नसते, त्याला डोळे मिटून घेता येत नाहीत. पारदर्शक बरणीत चारही बाजूंनी वाकलेली तोंडं, मोबाइलचे दिवे, पुढे येणारे हात, हे सगळं त्याला सतत दिसत राहतं. मग तो नाकाने बरणी ढोसत राहतो आणि नाकाडाची कातडी सोलते. काळ्या पिशवीत तोच साप दोन मिनिटांत शांत होतो. चारी बाजूंनी अंगाला कापड लागलं की त्याला बिळात असल्यासारखं वाटत असावं. जमिनीवर सोडलेला सापही मोकळी जागा सोडून भिंतीच्या कडेने, फटीतच सरकतो.

पकडण्याची जी चांगली पद्धत आज शिकवली जाते तीही यावरच उभी आहे. पिशवीच्या तोंडाला प्लास्टिकचा पाइप बसवायचा, पाइपाचं दुसरं तोंड सापासमोर ठेवायचं आणि मागून हुकाने हलकं वळवायचं. समोर काळोखं भोक दिसलं की साप आपणहून आत जातो. त्याची शेपटी धरून उलटा लटकवायची, डोकं दाबायची, कशाचीच गरज राहत नाही. साप पकडणाऱ्याचा हात जितका दूर, तितका दोघांचा जीव सुखात.

पण पिशवी एकटी पुरत नाही. घोणस, आपल्या भागात जिला परड म्हणतात, ती कापडातून दात मारते. तिचे विषदंत लांब असतात, आणि मांजरपाट तिला अडवू शकत नाही. म्हणून सापाची पिशवी कायम टणक पेटीत किंवा बादलीत जायला हवी, मग साप विषारी असो की बिनविषारी. रंगाची वीस लिटरची, घट्ट झाकणाची बादली पुष्कळ जण वापरतात. ती चांगलीच आहे, मात्र घासून, उन्हात ठेवून, रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच वापरा. झाकण फिरकीचं किंवा कडी-कुलपाचं हवं. मुलं घरात असतील तर कुलूप हवंच.

भोकं पाडायची तर बादलीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, मध्याच्या वर पाडा. फक्त झाकणावर पाडली तर हवा खेळत नाही. तीन-चार मिलिमीटरची पुरतात. मण्यारीचं किंवा नागाचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू पेन्सिलीएवढंच असतं, मोठं भोक म्हणजे त्याला दार. ड्रिल आतून बाहेर मारा. बाहेरून खिळा ठोकला की आतल्या बाजूला काटेरी कडा राहते, आणि रात्रभर त्यावर नाक घासून साप रक्तबंबाळ होतो. बरण्यांमध्ये हे मी किती वेळा पाहिलंय.

एक गोष्ट आमच्या भागात फार कळकळीने सांगावी लागते. कीटकनाशकाचा डबा, तणनाशकाची कॅन, खताचं पोतं, यात साप कधीही ठेवू नका. सोयाबीनवर फवारणी झाल्यावर रिकाम्या कॅन प्रत्येक धुऱ्यावर पडलेल्या असतात, त्या हाताशी असतात म्हणून वापरल्या जातात. कितीही धुतली तरी कॅनच्या आत औषध उरतं. साप पोटावर सरपटतो, जीभ बाहेर काढून वास घेतो. ती जीभ तोंडात परत जाते तेव्हा तळाचं विष थेट त्याच्या तोंडात जातं. सोडताना साप सरळ निघून जातो, आपल्याला वाटतं वाचला, आणि दोन दिवसांनी तो कुठल्याशा बांधावर मरतो. ते आपल्या नजरेस पडत नाही, म्हणून हा प्रकार थांबत नाही. तागाचं पोतंही नको, त्याची वीण सैल असते.

एका पेटीत एकच साप ठेवावा. नाग आणि मण्यार दोघेही दुसरे साप खातात, मण्यार तर विशेष. आणि ओळखीचा घोळ असतोच. कवड्या आणि मण्यार दोघांच्या अंगावर पट्टे असतात, रात्री विजेरीच्या उजेडात भलेभले चुकतात. पट्ट्यांचा साप दिसला की तो मण्यारच आहे असं समजूनच त्याची पेटी निवडावी. पेटीवर कागद चिकटवा. त्यावर साप कोणता, गाव कोणतं, कोणत्या शिवारातून, किती वाजता पकडला हे लिहा. साप कुठे सोडायचा ते या कागदावरूनच ठरतं. लांबच्या अनोळखी जंगलात नेऊन सोडलेला साप बिळं, पाणी, भक्ष्य शोधत भटकतो आणि बरेचदा मरतो. शक्यतो पकडला त्याच परिसरातल्या, वस्तीपासून दूर, दगड-झुडपांच्या जागी सोडावा. नेमकी जागा वनविभागाला विचारून ठरवावी.

घरात पेटी कुठे ठेवायची? टिनाच्या खोलीत तर नाहीच. मातीच्या भिंतीची जुनी खोली असेल तर तिच्यात, जमिनीवर, घडी केलेल्या पोत्यावर. पोतं यासाठी की सापाला जमिनीतली हालचाल फार लवकर कळते, पीठगिरणी किंवा मोटारपंपाच्या शेजारी त्याला स्वस्थता मिळत नाही. उन्हाळ्यात पेटीवर ओलं सुती कापड टाकून ठेवा, सुकलं की पुन्हा भिजवा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, फरशीऐवजी लाकडी फळीवर ठेवा. गाडीवरून नेताना पेटी सीटवर, सावलीत. डिकीत कधीच नाही, मेमध्ये डिकी तापते तितकं काहीच तापत नाही.

खायला काही देऊ नका. दूध तर नाहीच, साप दूध पचवू शकत नाही, ही गोष्ट नागपंचमीला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. काही तास, फार तर एक दिवस उपाशी राहणं सापाला कठीण नाही. भरल्या पोटी त्याला हाताळलं तर खाल्लेलं ओकून टाकतो आणि अशक्त होतो.

जखमी साप मात्र दोन-चार दिवस राहतो. हडंब्याच्या पात्याने किंवा जेसीबीच्या तोंडाने कापला गेलेला. अशा वेळी पिशवी चालत नाही, मोठा टब लागतो, आणि तेही वनविभागाच्या माहितीने, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. टबात माती घालू नका, जखमेत जाते. वर्तमानपत्र अंथरा आणि रोज बदला. अर्धं फुटलेलं मडकं उपडं ठेवलं की लपायला जागा झाली. कलंडणार नाही अशा जड, पसरट भांड्यात पाणी ठेवा. टब झाकून ठेवा, झाकणावर वजन. सापाची अंडी सापडली तर ती फिरवू नका, ज्या बाजूने वर होती ती बाजू पेन्सिलीने खूण करून वरच राहू द्या आणि वनविभागाला बोलवा. कोंबडीच्या अंड्यासारखी उलटसुलट केली की आतला जीव मरतो.

उपड्या मडक्यावरून आठवलं. तमिळनाडूत इरुला समाजाची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ ची, रोम व्हिटेकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. सर्पदंशावरच्या लसीसाठी विष काढायला ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरतात आणि तीन-चार आठवडे ठेवून पुन्हा सोडतात. एवढे दिवस हे साप मातीच्या मडक्यात राहतात. तळाला वाळू, तोंडावर सुती कापड बांधलेलं. ना काच, ना दिवा. माती उष्णता अडवते, हवा जाऊ देते, आत काळोख असतो. बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीपूर्वी नाग मडक्यातच ठेवत असत. तिथल्या जिवंत नागांच्या मिरवणुका न्यायालयाने बंद केल्या हे योग्यच झालं, पण भांडं निवडण्यात त्या लोकांची समज चूक नव्हती. गारुड्याची बांबूची टोपलीसुद्धा टोपली म्हणून वाईट नाही. वाईट ते दात उपटणं, तोंड शिवणं आणि सापाला तहानेने मारणं.

काचेचं घर म्हटलं की आपल्या पिढीला पुणं आठवतं. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. पुढे त्यांनीच कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. त्या केबिनची काच लोकांना दिसावं म्हणून होती. डिवचल्याशिवाय साप माणसाला चावत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. त्याचं मोल मोठं आहे, माझ्यासारखे किती जण त्यातून या कामात आले. पण सापाला ठेवण्याचं भांडं म्हणून ती केबिन कोणी घरी उभी करू नये.

राहिला प्रश्न परदेशी सापांचा. कारंज्याच्या एका महाविद्यालयात बोलायला गेलो तेव्हा एका मुलाने मोबाइलवर बॉल पायथन दाखवला आणि विचारलं, "सर, हा तर कायद्यात बसते ना?" बसतो, पण सहज नाही. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे. अशा यादीतला प्राणी ताब्यात आला की २०२४ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागदपत्रं नसतील तर घेऊ नका. एवढं सगळं जमलं तरी मी त्याला नकोच म्हटलं, आणि ते सांगताना पेटीचाच हिशेब मांडला.

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी लागते. तीन बाजू बंद, फक्त पुढून काच. साप पूर्ण लांब होऊन पडू शकेल एवढी लांबी हवीच. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६, म्हणजे हवं तेव्हा त्याला ऊब आणि हवं तेव्हा गारवा मिळावा. दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा, अंग चहूबाजूंनी टेकेल इतकी अडचणीची. मोठी पेटी घेऊन लपायला जागा ठेवली नाही तर साप महिनोन्‌महिने खात नाही आणि लोकांना वाटतं तो आजारी आहे. हवेत दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास. हिवाळ्यात तापवायला गादी लागते, पण ठरलेल्या तापमानाला तिची वीज आपोआप तोडणारं यंत्र असल्याशिवाय नाही, नाहीतर साप भाजतो. तापणारे कृत्रिम दगड मिळतात, तेही नकोत.

परदेशी पुस्तकं गरम कसं करायचं ते शिकवतात. वाशिममध्ये चार महिने प्रश्न गार कसं ठेवायचं हा असतो. एप्रिल-मेमध्ये पेटीचं थंड टोक २६ अंशांवर ठेवायला एसी लागेल, आणि त्या दिवसांत लाईट किती वेळ जाते हे त्या मुलालाही माहीत होतं. शिवाय हा साप वीस-तीस वर्षं जगतो. तो मुलगा उद्या नोकरीला पुण्याला जाईल, साप आईच्या गळ्यात पडेल. खाण्यासाठी उंदीर फ्रीजमध्ये ठेवावे लागतील. सापाला तपासणारा पशुवैद्यक जवळ मिळणार नाही. आणि कंटाळून एखाद्या रात्री कोणी तो अडाण नदीच्या काठी सोडला तर तो तिथे जगेल की मरेल, आणि जगला तर इथल्या सापांना काय रोग देईल, याचा नेम नाही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग तुमच्यासंग येऊ का?"

तो आता येतो. परवा त्याला सोडण्याचं काम दिलं. धोंड्या होता. पिशवी दगडांच्या ढिगाशी आडवी ठेवायची, गाठ सोडायची, पिशवीचं बंद टोक काठीने हलकं उचलायचं आणि चार पावलं मागे येऊन उभं राहायचं. मोबाइल खिशात. साप लगेच निघत नाही, कधी दहा मिनिटं लागतात. त्याला पिशवीतून ओतू नका. साप गेल्यावर पिशवी आतून उलटी करून शिवण तपासा, भोक पडलंय का उजेडाकडे धरून पाहा. गरम पाण्यात, साबण न उरेल इतकी खळबळून धुवा, कारण एका सापाच्या अंगावरचे गोचिडीसारखे किडे पुढच्याला लागतात. दिवसभर उन्हात वाळवा आणि घडी करून पुन्हा बादलीत ठेवा, झाकण न लावता.